लुटीची यादी: 'डिजिटल बेनिन'ची वाटचाल

९ नोव्हेंबर २०२२ रोजी 'डिजिटल बेनिन' हे दालन इंटरनेटवर खुलं झालं, तेव्हा त्यात ५,२४६ वस्तूंच्या नोंदी होत्या. वीस देशांतल्या १३१ संस्थांनी आपल्या दप्तरातली माहिती त्यासाठी दिली होती. पितळी शिरं, कोरीव हस्तिदंत, राजवाड्याच्या खांबांवरचे ओतीव पट्ट, घंटा, तलवारी, पोवळ्यांचे अलंकार असा हा सगळा ऐवज. त्यातला बहुतांश भाग एकाच शहरातून, एकाच लष्करी मोहिमेत उचलला गेला होता. तो एका जागी बघायला मिळायला सव्वाशे वर्षं लागली, आणि मिळाला तोही पडद्यावर.

हे बेनिन म्हणजे नकाशावरचा बेनिन नावाचा देश नव्हे. तो देश आधी दाहोमे होता, १९७५ साली त्याने हे नाव घेतलं. फ्रान्सने २०२१ मध्ये २६ राजवस्तू परत केल्या, त्या याच देशाला, आणि त्या दाहोमेच्या राजवाड्यातल्या होत्या. आपली गोष्ट शेजारच्या नायजेरियातल्या बेनिन सिटीची आहे. तिथले लोक एडो, त्यांचा राजा ओबा. राजघराणं आजही नांदतं आहे आणि सध्याचे ओबा एवुआरे दुसरे याच शहरात राहतात. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण युरोपातल्या कित्येक दालनांत बेनिनची मांडणी अशी केलेली असते की जणू ही संस्कृती केव्हाच लयाला गेली.

पंधराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीज या किनाऱ्याला लागले. मिरी, हस्तिदंत आणि गुलाम यांच्या बदल्यात ते 'मॅनिला' म्हटली जाणारी धातूची कडी देत. ओबाच्या ओतारींनी ती वितळवून पट्ट घडवले. या कड्यांचा धातू मुळात जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडच्या खाणींतला होता, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रासायनिक अभ्यासात दिसून आलं. पट्टांवर लांब केसांचे, बंदूकधारी पोर्तुगीज शिपाईही आहेत. आफोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला त्या सुमारास बेनिनच्या गादीवर ओबा एसिगिए होता. त्याने पोर्तुगिजांना व्यापार करू दिला, लढाईत कामालाही लावलं, पण राज्य काही त्यांच्या हाती दिलं नाही. इथले फिरंगी ओबाच्या दरबारातले आश्रित आहेत, आणि पट्टांवर ते त्याच नात्याने कोरले गेले आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाम तेल आणि रबर यांचा व्यापार ब्रिटिशांना मोकळा हवा होता, ओबा ओवोनरामवेन तो आपल्या मुठीत ठेवून होता. नोव्हेंबर १८९६ मध्ये हंगामी कॉन्सुल-जनरल जेम्स फिलिप्स यांनी ओबाला पदच्युत करण्याची परवानगी लंडनकडे मागितली. मोहिमेचा खर्च भरून निघेल इतकं हस्तिदंत राजाच्या घरात सापडेल, अशी आशाही त्यांनी त्या पत्रात व्यक्त केली होती. म्हणजे लुटीचं अंदाजपत्रक आधी तयार होतं, निमित्त नंतर आलं. परवानगी हाती पडण्याआधीच फिलिप्स निघाले. इग्वेचा उत्सव चालू आहे, आत्ता येऊ नका, असे निरोप त्यांना वाटेत मिळाले होते. जानेवारी १८९७ च्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि फक्त दोन ब्रिटिश अधिकारी वाचले. फेब्रुवारीत अॅडमिरल हॅरी रॉसन सुमारे १,२०० सैनिक घेऊन चालून आले. १८ तारखेला शहर पडलं आणि लगेचच्या दिवसांत आगीत भस्म झालं. जळक्या आवारात, पट्टांच्या आणि हस्तिदंतांच्या राशीत आरामात बसलेल्या अधिकाऱ्यांचं छायाचित्र उपलब्ध आहे. ओवोनरामवेनला कालाबारला हद्दपार केलं गेलं आणि १९१४ मध्ये तो तिथेच वारला.

यानंतरचा इतिहास व्यापाऱ्यांचा आहे. लुटीतला काही भाग सरकारी खात्यात जमा होऊन विकला गेला. बराचसा अधिकाऱ्यांनी आपल्या पेटाऱ्यांतून घरी नेला आणि पुढे त्यांच्या वारसांनी लिलावात काढला. १८९७ च्या शरद ऋतूतच ब्रिटिश म्युझियमने सुमारे तीनशे पट्ट मांडले. बर्लिनच्या संग्रहालयातले फेलिक्स फॉन लुशान यांनी खरेदीचा सपाटा लावला. हॅम्बुर्गच्या बंदरात उतरलेला माल तिथल्या संग्रहालयाचे संचालक युस्टुस ब्रिंकमान यांनी १८९७ मध्येच हेरला. इंग्लंडमधल्या बिस्टर गावचे डब्ल्यू. डी. वेबस्टर सचित्र पत्रकं छापून हा माल विकत. गंमत अशी की, ही विक्रीची पत्रकं हाच आज सर्वांत भरवशाचा पुरावा ठरला आहे. कोणती वस्तू कधी कुणाच्या हातात होती हे ज्यांनी गल्ल्यासाठी लिहून ठेवलं, त्यांच्याच अक्षरावरून आता मालकीचा माग काढला जातो. लुशान यांचा १९१९ चा ग्रंथ आणि फिलिप डार्क यांची १९८२ ची सचित्र सूची हे पुढचे टप्पे. दोन्ही याद्या विद्वानांनी विद्वानांसाठी केल्या, आणि दोन्ही युरोपीय भाषांत. बेनिन सिटीतल्या माणसाला आपल्या पणजोबांच्या वेदीवरचं शीर कुठे आहे हे शोधायचं, तर त्याला यांचा उपयोग नव्हता.

मागणी मात्र जुनीच होती. १९३० च्या दशकात ओबा अकेन्झुआ दुसरे यांनी बर्लिनमधली दोन राजासनं मागितली. त्यांना प्रतिकृती मिळाल्या. १९३८ मध्ये मोहिमेतल्या एका अधिकाऱ्याच्या मुलाने पोवळ्यांचा पेहराव परत केला, ती अपवादाची गोष्ट. १९५० नंतर ब्रिटिश म्युझियमने काही पट्ट 'जादा' ठरवून मोकळे केले आणि नायजेरियाने त्यातले काही पैसे मोजून विकत घेतले. आपल्याच राजवाड्याचा ऐवज, लुटणाऱ्यांच्या दुकानातून, रोखीने. १९७७ मध्ये लागोसला आफ्रिकी कलांचा 'फेस्टॅक' महोत्सव भरला तेव्हा राणीमाता इडिया हिचा हस्तिदंती मुखवटा हे त्याचं बोधचिन्ह होतं. ब्रिटिश म्युझियमने तो मुखवटा उसना द्यायलाही नकार दिला. बेनिनच्या कारागिरांनी नवा मुखवटा कोरला आणि महोत्सव पार पाडला.

नायजेरियाची बाजू सगळीकडे स्वच्छ आहे असंही नाही. १९७३ मध्ये देशाचे तेव्हाचे लष्करी शासक जनरल याकुबू गोवोन यांनी राणी एलिझाबेथला भेट द्यायला लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयातून एक पितळी शीर उचललं. लंडनला ते बरीच वर्षं प्रतिकृती समजलं गेलं आणि नंतर अस्सल निघालं. ते आजही राजघराण्याच्या संग्रहात आहे. परत द्यायला नको म्हणणारे ही कथा आवडीने सांगतात. पण ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधूनच सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीस वा खराब झाल्याचं उघड झालं, तेव्हापासून 'आमच्याकडे सुरक्षित आहेत' हा युक्तिवाद पूर्वीइतक्या ठसक्यात केला जात नाही. त्यातल्या बऱ्याच वस्तूंची धड नोंदच नव्हती. दोनच महिन्यांत म्युझियमने सगळा संग्रह पाच वर्षांत ऑनलाइन नोंदवण्याचं जाहीर केलं. बेनिनच्या यादीची मागणी करणारे हेच किती वर्षं सांगत होते!

'डिजिटल बेनिन'चं मूळ २००७ च्या व्हिएन्नातल्या एका प्रदर्शनात आहे. बार्बारा प्लांकेनश्टायनर यांनी बेनिनच्या राजदरबारी कलेचं ते प्रदर्शन उभं केलं. युरोपातले आणि अमेरिकेतले संग्रह एकत्र आले, दरबारातले प्रतिनिधी हजर होते, आणि परतीचा विषय टाळता आला नाही. त्यातून २०१० मध्ये 'बेनिन डायलॉग ग्रुप' झाला. एका बाजूला युरोपातली संग्रहालयं, दुसऱ्या बाजूला नायजेरियाचा राष्ट्रीय संग्रहालय व स्मारक आयोग, एडो राज्य सरकार आणि राजदरबार. पहिली काही वर्षं या गटाने सभा घेतल्या आणि इतिवृत्तं लिहिली, याहून फार काही झालं नाही. २०१८ मध्ये लायडनच्या बैठकीत ठरलं ते एवढंच की बेनिन सिटीत नवं संग्रहालय व्हावं आणि युरोपातल्या वस्तू तिथे आळीपाळीने उसन्या पाठवाव्यात. मालकीचा शब्द नाही. ज्याचं घर लुटलं त्यालाच त्याची भांडी वापरायला देण्याची ही योजना होती आणि टीकाकारांनी तिला तसंच फटकारलं.

तोवर हवा मात्र फिरली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल माक्रों यांनी बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू इथे आफ्रिकी वारसा आफ्रिकेत परतायला हवा असं म्हटलं. वर्षभरात त्यांनी नेमलेल्या फेलविन सार आणि बेनेडिक्ट साव्होआ यांचा अहवाल आला. त्यात परतीबरोबरच सगळ्या वस्तूंचं डिजिटायझेशन करून प्रतिमा सर्वांना खुल्या कराव्यात अशी शिफारस होती. यावर मार्च २०१९ मध्ये मॅथिल्ड पावी आणि अँड्रिया वॉलेस या कायद्याच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतला आणि शंभराहून अधिक जणांनी त्यावर सह्या केल्या. त्यांचा मुद्दा साधा होता. वस्तूचा मालक वेगळा ठरत असेल, तर तिचा फोटो काढावा की नाही, तो कुणाला दाखवावा, त्यावर कुणी पैसे मिळवावेत, हे ठरवण्याचा हक्कही मालकाचाच. तो निर्णय आधीच पॅरिसमध्ये घेऊन टाकला, तर मूळ वस्तू परत जाईल आणि प्रतिमेची सत्ता जागच्या जागी राहील. डिजिटल युगातल्या वसाहतवादावर मी वाचलेल्यांतला हा सर्वांत नेमका युक्तिवाद आहे. 'डिजिटल बेनिन'ला तोलायचं ते याच काट्यावर.

२०२० मध्ये प्रकल्प सुरू झाला. जर्मनीच्या एर्न्स्ट फॉन सीमेन्स कला प्रतिष्ठानने त्याला बारा लाख युरोंहून अधिक रक्कम दिली. मुक्काम हॅम्बुर्गच्या 'मार्क' संग्रहालयात, जिथे प्लांकेनश्टायनर आता संचालक होत्या. डिजिटल बाजू अॅन लूथर यांनी सांभाळली, वस्तूंच्या प्रवासाचा शोध फेलिसिटी बोडेनश्टाईन यांनी. बेनिन सिटीतून मानववंशशास्त्रज्ञ कोकुनरे अगबोंताएन-एघाफोना आणि 'इन्स्टिट्यूट फॉर बेनिन स्टडीज'चे गॉडफ्रे एखातोर-ओबोगिए होते. सुरुवात झाली ती महामारीत.

काम तसं कारकुनी होतं, आणि त्यातच त्याचं मोल आहे. दर संग्रहालयाची नोंद ठेवण्याची तऱ्हा वेगळी, भाषा वेगळी. एकाच प्रकारचा पट्ट एकीकडे 'ब्राँझ' तर दुसरीकडे 'पितळ'. वस्तुतः बहुतेक 'बेनिन ब्राँझ' पितळेचे आहेत, पण पडलेलं नाव पडलं. 'कुठून मिळालं' या रकान्यात कुणी १८९७ ची मोहीम लिहिलेली, कुणी फक्त देणगीदाराचं नाव, कुणी काहीच नाही. संग्रहालयाची मूळ नोंद न पुसता तिच्या शेजारी नवी माहिती ठेवायची, हा मार्ग प्रकल्पाने धरला. जुने शब्द झाकले असते, तर कोण काय लपवत होतं याचाही पुरावा गेला असता.

संकेतस्थळावर वस्तूंची सूची आहे, नकाशा आहे, कागदपत्रं आहेत आणि ज्यांच्या हातून वस्तू फिरल्या त्या माणसांची आणि पेढ्यांची नोंद आहे. एकेका अधिकाऱ्याचं, एकेका दलालाचं नाव उघडलं की त्याच्या हातून गेलेल्या वस्तू दिसतात, मग त्या आज कुठल्याही देशात असोत. ही जोड कागदी सूचीत जवळजवळ अशक्य होती. पण माझ्या मते या दालनाचा गाभा 'एयो ओतो' नावाचा विभाग आहे. तिथे वस्तू एडो नावांनी लावल्या आहेत. 'उखुरे' घ्या. युरोपातल्या संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर ती 'खुळखुळ्याची काठी' आहे, जणू लहान मुलाचं खेळणं. एडो घरात उखुरे पूर्वजांच्या वेदीवर उभी असते, तिचं टोक जमिनीवर आपटून गेलेल्यांना हाक दिली जाते. देव्हाऱ्यातला पूर्वजांचा टाक कुणी 'चांदीचा चौकोनी पत्रा' म्हणून काचेत मांडावा, तसंच हे. 'इकेगोबो' ही हाताची वेदी आहे. माणसाने स्वतःच्या कर्तबगारीने जे मिळवलं त्यासाठी आपल्याच हाताला वाहिलेली. 'एबेन' ही तलवार असली तरी लढण्यासाठी नाही. सरदार ओबासमोर नाचताना ती गरगर फिरवतात आणि हवेत उडवून झेलतात. काचेच्या पेटीत आडवी ठेवलेली एबेन पाहून हे कुणाला कळणार? म्हणून या विभागाला जोडून बेनिन सिटीत घेतलेल्या मौखिक मुलाखतीही आहेत. तिथली जाणती मंडळी वस्तू कशासाठी होती, कुणी वापरायची, कुणी पाहायची नाही, हे सांगतात.

बेनिनमध्ये ओतकाम थांबलेलंही नाही. ओवोनरामवेनचा मुलगा एवेका दुसरा १९१४ मध्ये गादीवर आला. तो स्वतः कारागीर होता आणि त्याने ओतारींच्या श्रेणीला पुन्हा बळ दिलं. इगुन रस्त्यावर आजही मेणाचा साचा करून पितळ ओतणारी घराणी आहेत. त्यांच्या पूर्वजांच्या कामाचे उत्तम नमुने पाहायचे, तर लंडन-बर्लिनचा व्हिसा लागायचा. आता फोन पुरतो. निदान बघण्यापुरता.

आक्षेपांची यादीही छोटी नाही. पैसा जर्मन, मुक्काम हॅम्बुर्ग. छायाचित्रांचे हक्क ज्या त्या संग्रहालयाकडे. माहिती द्यायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर, त्यामुळे खासगी संग्राहकांच्या दिवाणखान्यातले पट्ट या यादीत शोधून सापडायचे नाहीत. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयातले डॅन हिक्स यांनी २०२० च्या पुस्तकात बेनिनचा ऐवज असू शकेल अशा दीडशेहून अधिक संग्रहांची नावं दिली होती. पावी-वॉलेस यांच्या काट्यावर 'डिजिटल बेनिन' पूर्ण उतरत नाही. तरी एक गोष्ट त्यांनी कटाक्षाने पाळली. हे दालन म्हणजेच परतावा, असा दावा त्यांनी केला नाही. 'व्हर्च्युअल परतफेड' हा शब्द संग्रहालयांच्या वर्तुळात फार सोयीने फिरतो. त्रिमितीय प्रत पाठवायची, मूळ ठेवून घ्यायची आणि पाठ थोपटून घ्यायची, हा त्याचा अर्थ. लुटीची यादी करणं वेगळं आणि लूट परत करणं वेगळं, हे 'डिजिटल बेनिन'ने गोंधळू दिलं नाही.

आणि लूट परत जाऊ लागली, ती याच काळात. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजने पितळी कोंबडा परत केला, अॅबर्डीन विद्यापीठाने ओबाचं शीर. १ जुलै २०२२ ला जर्मनी आणि नायजेरिया यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि ऑगस्टमध्ये बर्लिनमधल्या ५१२ वस्तूंची मालकी नायजेरियाकडे गेली. ऑक्टोबरमध्ये स्मिथसोनियनने २९ वस्तूंची मालकी सोडली, नोव्हेंबरमध्ये लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने ७२ वस्तूंची. डिसेंबरात जर्मन परराष्ट्रमंत्री अॅनालेना बेअरबॉक पहिली खेप घेऊन नायजेरियाच्या राजधानीत, अबुजाला उतरल्या. यादीमुळेच हे घडलं म्हणणं अतिशयोक्ती होईल, राजकारण त्याआधीपासून तापलं होतं. पण 'नेमकं काय, किती आणि कुठे आहे ते आधी कळू द्या' ही टाळाटाळीची पळवाट तिने बंद केली.

ब्रिटिश म्युझियमकडे बेनिनच्या नऊशेहून अधिक वस्तू आहेत, जगात सर्वांत जास्त. १९६३ चा कायदा त्यांना संग्रहातली वस्तू देऊन टाकायला जवळजवळ मज्जाव करतो आणि विश्वस्त त्या कायद्याकडे बोट दाखवतात. मग उरते उसनवारी. घानाच्या असान्ते राजघराण्याचे सुवर्णालंकार २०२४ मध्ये कुमासीला गेले ते तीन वर्षांच्या बोलीवर. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्यात आली तीही तीन वर्षांसाठीच. त्या म्युझियमचे हात १९८३ च्या कायद्याने बांधलेले आहेत. वाघनखं खरी की खोटी यावर आपल्याकडे हिरिरीने वाद झाला. करारातल्या मुदतीवर मात्र फारसं कुणी बोललं नाही.

वस्तू परत जाऊ लागल्यावर खुद्द नायजेरियात वाद उभा राहिला. मार्च २०२३ मध्ये मावळते राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांनी परत आलेल्या वस्तूंची मालकी ओबाकडे राहील असा आदेश काढला. युरोपात लगेच कुजबुज सुरू झाली, आम्ही राष्ट्राला दिलं, राजाला नव्हे. ज्यांनी राजाच्या घरातून उचललं, त्यांनीच ते कुणाच्या दारात ठेवावं यावर अटी घालाव्यात, यातला उद्धटपणा त्यांना जाणवला नसावा. दुसरीकडे बेनिन सिटीत 'मोवा' हे पश्चिम आफ्रिकी कलेचं संग्रहालय परदेशी देणग्यांवर उभं राहत होतं. राजवाड्याच्या समर्थकांना वाटलं की राजसंग्रहालयाची जागा आणि पैसा हे लोक पळवत आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये उद्घाटनाच्या तोंडावर निदर्शक आवारात घुसले, पाहुण्यांना बाहेर काढावं लागलं आणि सोहळा लांबणीवर पडला. त्याआधी जूनमध्ये नेदरलँड्सने ११९ वस्तू लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयात समारंभाने सुपूर्द केल्या होत्या.

या धामधुमीत दालन चालवणाऱ्यांच्या समोर नवं कारकुनी काम येऊन पडलं आहे. ५१२ वस्तूंची मालकी नायजेरियाची झाली, पण त्यांतल्या कित्येक उसन्या म्हणून बर्लिनमध्येच आहेत. अशा वस्तूच्या पानावर 'संस्था' या रकान्यात नाव कुणाचं लिहायचं? आणि तिचं छायाचित्र ठेवायला संमती घ्यायची ती बर्लिनची, अबुजाची की बेनिन सिटीच्या राजवाड्याची?